पुसणारं प्रथिन

दि. ७ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. मी खुशाल आहे. तू नसणार, कारण मी गेल्यापासून तुला हक्काने ओरडायला कोणी उरलं नसेल. पाकीट फाडलंस, म्हणजे अर्धी लढाई जिंकले.

खोली बरी आहे. शेजारचा माणूस व्हायोलिन शिकतो आणि शिक्षा मला होते. इथली प्रयोगशाळा मात्र इतकी लख्ख आहे, की खोट काढायला तुलासुद्धा घाम फुटेल.

बरं, मुद्द्यावर येते. तुझा लेख छापायला गेलाय असं कळलं. तो थांबव. अगं, भडकू नकोस, आधी वाच तर!

तूच शिकवलेलं तुला सांगते. जिवाणूच्या आवरणात एक पहारेकरी प्रथिन असतं, डोकं बाहेर, शेपूट आत. बाहेर मीठ वाढलं, की ते आतल्या जोडीदार प्रथिनाला फॉस्फेटचा कण चिकटवतं. हाच निरोप. मग जोडीदार जाऊन जनुकं जागी करतो. निरोप पोचला की हिरवे चमकतील असे जिवाणू आपण बनवले होते. पहारेकरी काढला की सगळं चिडीचूप, असं तुझा लेख म्हणतो. माझ्या प्लेटवर मात्र पहारेकरी काढूनही ते चमकले. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "बाहेरचे जंतू शिरलेत. टेबल पुसून काढ." मी टेबल पुसलं नाही, सरळ बॅग भरली. तिरसटपणात मी तुझ्यावरच गेलेय.

इथे पुन्हा केलं. पुन्हा चमकले! मग भलत्याच कामावरचा एक शेजारी पहारेकरीही काढून पाहिला, आणि चमक गेली. म्हणजे घरचा, आपला मूळचा पहारेकरी, नाही म्हटल्यावर शेजारी निरोप देत होता. मग एरवी का देत नाही? म्हणून घरचा परत बसवला, पण मुका करून. निरोप देताच येणार नाही, एवढंच त्याचं बिघडवलं. शेजारी जागेवरच. तरी अंधार! मावशी, मी एकटीच नाचले गं. घरचा नुसता निरोप देत नाही, भलत्याने चिकटवलेला कण तो पुसूनही टाकतो.

इथले सर म्हणतात, "तुझ्या मावशीचा लेख छापून येऊ दे, मग आपण खोडून काढू. जास्त गाजेल." मी साफ नाही म्हटलं. आता ते तोंड फुगवून बसलेत, कदाचित मला नारळही देतील. देऊ देत. फोटो सोबत आहेत. छापायचं तर तू आणि मी मिळून.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुझ्याकडच्या एकाने मला फोनवर सांगितलं, की तू म्हणालीस, "ती माझी कोणी नाही." आणि मी ते खरं मानलं. आई गेल्यावर तुझ्या घरी आले, तेव्हापासून कोणी काही बोचरं बोललं की तू म्हणायचीस, "हॅट, काहीतरीच!" तेवढ्याने ते पुसलं जायचं. इथे पुसणारं कोणी नाही. फार एकटं वाटतं.

तू खरंच तसं म्हणालीस का? हो असेल तरी कळव. लेख मात्र काहीही असलं तरी थांबवच.

उत्तर येईपर्यंत तरी तुझीच,
भाची


दि. १५ मार्च

प्रिय ठकू,

फोटो पाहिले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले. प्रयोग चोख आहे. मुका करून बसवायचं मला सुचायला हवं होतं, म्हणून दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते.

लेख मागे घेतला. संपादक वैतागले, वैतागू देत. नव्या लेखावर तुझं नाव आधी येईल. यावर वाद घालायचा नाही. तुझ्या सरांनी नारळ दिला तर मुकाट्याने घे आणि गाडीत बस.

हॅट, काहीतरीच! मी असं म्हणालेच नाही. म्हणेन तरी का? आणि तुलाही ते खरं वाटावं? आलीस की आधी तुझा कान पिळते, मग त्या फोनवाल्याचा.

तुझं टेबल रिकामं आहे. नव्या मुलांचा सारखा त्याच्यावर डोळा असतो. मी त्यांना सांगून ठेवलंय, की तिथे अजून बाहेरचे जंतू आहेत, कोणी हात लावायचा नाही.

आता येऊन तेवढं पुसून काढ.

वाट पाहणारी,
तुझी मावशी