रजनीचा मुहूर्त

मंगळवार, १० फेब्रुवारी
आज सकाळी दत्ताची आरती झाल्यावर, पंचांग हातात असताना, खोटं बोललो. देवळाबाहेर हार विकणारा रामसेवक मुलीची पत्रिका घेऊन आला होता. "महाराज, होली के बाद का अच्छा-सा मुहूर्त निकाल दीजिए." रजनी चौदा वर्षांची, आठवीत. मी पानं उलटली, बोटांवर मोजल्यासारखं केलं, म्हणालो, इस लड़की का बरसात से पहले योग नहीं. मुहूर्त होते. दोन तर त्याच पानावर. रामसेवकने पंचांगाला हात जोडले आणि गेला.
हे लग्न कायद्यात बसत नाही, असं सरळ म्हणायला काय झालं होतं? भ्यालो.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
रजनी सभामंडपात बसून सौ.कडे गणित शिकते. वसतिगृहाच्या सरकारी शाळेची प्रवेशपरीक्षा एप्रिलअखेर आहे. फॉर्म तिच्या बाईंनी भरलाय. तिथे प्रयोगशाळा आहे, हे तिचं मला तीनदा सांगून झालं. एक उदाहरण बघायला वाकलो तर म्हणाली, "महाराज, आप रहने दो. आपसे एक्स नहीं निकलेगा." सौ. हसत सुटली. मीही हसलो.
गावच्या शाळेत माझी चुलतबहीण कमलताई चौथीपर्यंत माझ्या वर्गात, आणि माझ्यापुढे. पाचवीला मी गेलो. ती सासरी...

गुरुवार, ५ मार्च
रामसेवक पेढे घेऊन आला. "आप बेकार परेशान थे, महाराज. आखा तीज को तो पंचांग देखना ही नहीं पड़ता!"
अक्षय तृतीया. त्या दिवशी काही बघावं लागत नाही, हे मीच लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं बोलताना नेमकी तीच विसरलो. परीक्षेच्या आठवडाभर आधी येते. खोटं बोलून काय मिळवलं? एक महिना.
पेढा देवापुढे ठेवला.

पाडवा, १९ मार्च
नव्या पंचांगाचं वाचन. गोरखी भागातली मराठी मंडळीही आली होती. वर्षफल वाचताना दोनदा पाणी प्यालो. रामसेवक दाराशी हात जोडून उभा, माझ्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होता.
संध्याकाळी रजनी पुस्तकं परत द्यायला आली. "काकी, अब इनका क्या करूँगी?" सौ.ने घेतली नाहीत.

शुक्रवार, २० मार्च
सांगितलं रामसेवकला. मुहूर्त होता, मी खोटं बोललो, आणि चौदाव्या वर्षी लग्न हा गुन्हा आहे. त्याने सुईत दोरा ओवला. मग म्हणाला, "तो अब आपकी कौन-सी बात सच मानूँ?"
वसतिगृहाचं बोललो. तिथे बाया असतात, राखण असते.
तो म्हणाला, "देखा है आपने? या उस मुहूर्त की तरह बोल रहे हैं?" आणि मग खालच्या आवाजात, "मैं चार बजे फूल लेने निकल जाता हूँ. माँ है नहीं. कमरे में अकेली रहती है. कुछ हो गया तो?"
तोही भ्यालेलाच.
सौ. म्हणते, "अहो, आता देवाला विचारत बसू नका. तक्रार करा." तक्रार केली आणि रामसेवकला आत टाकलं तर? पोरीला दुसरं कोण आहे? देवळाचे ट्रस्टी मला ठेवतील? आणि नाही केली तर...

सोमवार, २३ मार्च
इंदरगंजच्या चौकाला दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्यांदा महिला-बालविकास कार्यालयाचा जिना चढलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "पंडितजी, नाम गुप्त रह सकता है." नाव लिहिलं, देवळाचा पत्ताही. पंचांगाआड एकदा लपून झालंय. खाली लिहिलं, की बाप वाईट नाही, त्याला समजवा, तुरुंग नको, मुलीला परीक्षेला बसू द्या. असं लिहिलेलं कोणी वाचतं का, माहीत नाही. "कल-परसों टीम जाएगी," एवढंच म्हणाल्या.
परत आलो. रामसेवक आपल्या जागेवर. शुक्रवारपासून बोलत नाही, पण रोजचा हार पुढे केला, पानात गुंडाळलेला. त्याला अजून माहीत नाही.
घेतला. दत्ताला घातला.