दादानं मला पुसलं

३ जानेवारी
केदारखेड्यात मेंढपाळांचा मेळावा. मेंढ्यांच्या नोंदीची साइट मी बनवली. वर्षभर वाड्या-वस्त्या हिंडून नोंदी मी टाकल्या, मेंढी, तिची कोकरं, लस. आन् माइकवर विकासदादा, माझा चुलतभाऊ: "हे सगळं मी उभं केलं." टाळ्या. मी खाली बायांत.
आई म्हणे, घरातलाच आहे ना.
हो. घरातलाच.

५ जाने.
विचारलंच. "दादा, माझं नाव कुठंय?"
"तू लग्न करून जाशील. नाव कशाला पाहिजे?"
बरं. पण बघते.

९ जाने.
लॉगिन होईना. दादाचा फोन, खुशीत. "तुझं खातं काढून टाकलं."
"बंद केलं का डिलीट?"
"डिलीट."
हसूच आलं. सगळ्या नोंदी माझ्या खात्याला जोडलेल्या. आन् कॅस्केड त्यानंच लावायला लावलेलं, मागं कचरा नको म्हणून. म्हणजे खातं गेलं की जोडलेलं सगळं आपोआप जातं. पुसण्याआधी स्क्रीनवर लांबलचक यादी येते, काय काय जाणार त्याची. वाचली नसेल. 'हो' दाबलं असेल.

१० जाने.
दादाचे फोनवर फोन. उचलले न्हाई. बॅकअप फक्त माझ्या लॅपटॉपवर. लई दिवसांनी पोटभर जेवले.

१२ जाने.
पिंपळगाव रेणुकाईहून भीमाकाकांचा फोन. त्यांचा मोठा कळप.
"पोरी, कोणत्या मेंढ्यांना लस झाली ते मोबाइलवर दिसून न्हाई राह्यलं. शेजारच्या कळपात मरतूक लागली."
जेवण कडू झालं. बॅकअप उघडून एकेक मेंढी वाचून दाखवली. मंग बाकीच्या कळपवाल्यांना मीच फोन लावले. दादाला न्हाई.

१३ जाने.
दादा घरी. ओसरीवर, मान खाली.
"सुमे, टाक परत. लोक शिव्या देऊन राह्यले."
"टाकते. आधी माझं खातं येईल, मंग नोंदी. त्याच्याशिवाय त्या बसतच न्हाईत. आन् पुढच्या मेळाव्यात माइकवर माझं नाव. तू घ्यायचं."
"तुझं नाव सोडून न्हाई होत?"
होतं. नोंदी त्याच्या खात्याला जोडल्या की झालं. सोपं काम.
"बिलकुल न्हाई होत," मी म्हणाले.
चहा तसाच ठेवून उठला. पण गेला न्हाई. फाटकाशी गाडीवर बसून आहे, चालू करून न्हाई राह्यला. आई म्हणते, बोलाव त्याला आत.
मी लॅपटॉप मांडीवर घेऊन इथंच बसलेय, आधी त्यानं हो म्हणावं.