अठ्ठावीस हजारांचा फ्रीज तीस हजारांत, बिनव्याजी

सेलू, २ डिसेंबर

ती. महादेवराव भाऊजींना,

सेलूहून धनंजयचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (सहा महिने झाले, तुम्ही तो घेत नाही. मी पाठवायचं सोडलं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मोहिनीताईचं बीपी? बगीच्याला यंदा संत्रा बरा धरला, असं ऐकलं. इकडे मी, जया आणि आचल ठीक. हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण फोन ताई उचलते, तुम्ही वावरात गेल्याचं सांगते, आणि नेमका तेव्हाच तिच्या मागून तुमचा खोकला ऐकू येतो. (खोकल्याला अडुळसा घेत जा, पंधरा दिवसांत दोनदा ऐकला.) भाऊबीजेलाही ताई एकटीच आली. म्हणून लिहायला बसलो. पत्र तुम्ही फाडाल तरी निदान कोणाचं आहे ते वाचून फाडाल.

भाऊजी, मार्चमध्ये तुम्ही दुकानात आलात तेव्हा संत्र्याचे पैसे कापडी पिशवीत घेऊन आलात. ताईला दोन दरवाज्यांचा फ्रीज पाहिजे होता. तुम्ही पिशवी काउंटरवर ठेवली अन् म्हणाले, "मोजून घे बावा, मले पावती दे." फ्रीज रोखीत अठ्ठावीस हजारांचा होता. तेवढे मोजले असते, चहा पाजला असता, तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण मी पिशवी परत तुमच्याकडे सरकवली. म्हटलं, पैसे जवळ राहू द्या, दर महिन्याला तीन हजार, दहा महिने, व्याज शून्य. तुम्ही विचारलं, "फुकट कोन देते पैसे?" मी हसलो आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसणाऱ्या निकेशला (फायनान्स कंपनीचा पोरगा, टाय बांधतो) हाक मारली. त्यानं तुमचा अंगठा घेतला, फोटो काढला, फाईलचे पाचशे नव्वद घेतले आणि टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तुमच्यासाठी आहेत असं तुम्हाला वाटलं. आता सांगतो. कंपनीनं दुकानदारांना कबूल केलं होतं की मार्चअखेर पंचवीस गिऱ्हाइकं हप्त्यावर दिली तर गोव्याची सहल. तुम्ही पंचविसावे होते.

व्याज कुठं असते तेही सांगतो, हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. कंपनी तुमच्याकडून तीस हजार वसूल करते, पण दुकानदाराच्या हाती अठ्ठावीसच ठेवते. दोन हजार आधीच कापून घेते. मग दुकानदार काय करतो? हप्त्यावाल्याला तीस सांगतो, रोखवाल्याला अठ्ठावीस. ते दोन हजार म्हणजे व्याजच, भाऊजी. कागदावर त्याला व्याज म्हणत नाहीत, एवढंच.

गोव्याला गेलो. सहल एकट्याची होती, जयाचे पैसे वेगळे. निकेश म्हणाला, वहिनींचे बिनव्याजी हप्त्यात करून देतो. आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "रोख देल्ले तं किती कमी?" अकराशे कमी होते. मी खिशातून रोख काढून दिले. समुद्रावर जया फोटो काढत होती आणि मला तुमची पिशवी दिसत होती. (माझा एकही फोटो नीट आला नाही, सगळ्यांत तोंड दुसरीकडे.) तिथून आल्याबरोबर तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. नाही आलो. उलट तुम्ही गावात माझं नाव मोठं करत होते, माह्या साळ्याकडे या, बिनव्याजी देते म्हणून सांगत होते, आणि तुमच्या शब्दावर अकरा जण येऊन हप्त्यावर सामान घेऊन गेले. मी अकराही जणांना चहा पाजला.

जूनमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या सांगण्यावरून तुम्ही रोकड लोखंडी कपाटात जपून ठेवली आणि हप्ता मात्र बँकेतून कटत होता. दोन हप्ते गेले, तिसऱ्याला खात्यात पैसे उरले नाहीत. कंपनीनं दंड लावला, बँकेनं वेगळा लावला. तुम्ही अनोळखी नंबर उचलत नाही, म्हणून कंपनीवाल्या बाईनं फॉर्मवर लिहिलेला शेजाऱ्याचा नंबर लावला. तो अनुसयाबाईंचा होता. मीच टाकला होता. अनुसयाबाईंनी ओट्यावर उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकवलं, "महादेवरावचा हप्ता थकला म्हनते ना वं!" ज्या माणसानं उभ्या जन्मात किराण्याची उधारी ठेवली नाही, त्याच्याबद्दल. आणि त्यावर कळस म्हणजे तोच फ्रीज अनुसयाबाईंनी एप्रिलमध्ये माझ्याकडूनच नेला होता. मी त्यांनाही हप्त्याचं समजावून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "मले तुहं शून्य-बिन्य समजत नाई, रोख किती ते सांग." मी सांगितलं. अठ्ठावीस. तेही त्यांनी गल्लीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, कपाटातली रोकड घेऊन. राहिलेलं सगळं भरलं, दंडासकट, मुदतीआधी बंद करायचा आकारही भरला. चहाला हात लावला नाही. मला वाटलं शिव्या द्याल. तुम्ही एवढंच म्हणाले, "व्याज लागते म्हून सांगतलं असतं तं मी देल्लं असतं, धनंजय. तू नाई लागत म्हनला." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमचे जास्तीचे गेलेले पैसे पाकिटात घालून मी तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही दारातच म्हणाले, "पयले त्या अकरा जनायचे दे. ते माह्या तोंडाकडे पाहून आलते." तर भाऊजी, ते काम केलं. फरकाचे पैसे घेऊन घरोघर फिरलो. लोकांचा विश्वास बसेना. त्या अकरांतल्या रजतनं दार अर्धवट उघडून सांगितलं की ओटीपी देणार नाही. एका घरी म्हातारीनं विचारलं, हे घेतले तर पुढं किती हप्ते भरावे लागतील? दुकानात आता पाटी लावली आहे, प्रत्येक वस्तूवर दोन भाव, रोखीचा आणि हप्त्याचा. निकेश रुसून टेबल उचलून घेऊन जातो म्हणाला, पण गेला नाही, कारण गिऱ्हाइकं कमी झालीच नाहीत. दोन्ही भाव वाचतात, एकदम अठ्ठावीस हजार कुठून आणू म्हणतात आणि दोन हजार जास्त देऊन हप्त्यावर घेऊन जातात. समजून घेतात. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. याचंच जास्त वाईट वाटते.

ताईला नमस्कार. माफ करा असं लिहिणार होतो, पण ते समोर येऊन बोलायचं आहे.

तुमचा,
धनंजय

ता. क. : एक लहानसं काम होतं. आचलसाठी आष्टीचं स्थळ आलं आहे. मुलगा धीरज, वर्ध्याला नोकरी. त्याच्या घरचे २० तारखेला तुमच्याकडे चौकशीला येणार आहेत, माणसं कशी आहेत म्हणून. खोटं सांगू नका, मी तुम्हाला आता तसं सांगूही शकत नाही. फक्त फ्रीजचं सांगाल ते चहा झाल्यावर सांगा.

ता. क. २ : भाऊजी, मी जया. पाकिटात घालायच्या आधी पत्र वाचलं. अकरा नाही, सात जणांचेच पैसे परत केले आहेत. चौघांनी मागितले नाहीत म्हणून राहिले. आणि यांनी पत्र लिहायला घेतलं ते पाहुण्यांचा फोन आला त्या दिवशी, त्याआधी नाही. पण जूनपासून यांचं जेवणात लक्ष नाही, हेही खरं आहे.

ता. क. ३ : जयानं लिहिलं ते बरोबर आहे. चौघांचे पैसे काढून ठेवले आहेत. १५ तारखेला सकाळच्या बसनं येऊन देतो. तुमच्या घरावरूनच जावं लागते. थांबू का नाही, ते ताईजवळ सांगून ठेवा.