केशरी मासे

प्रिय आई,

इतक्या लांबून पाया पडते, पोचलं असं समज. माझी तब्येत ठणठणीत आहे. पाणी विकतचं पिते, काळजी करू नकोस.

गेल्या आठवड्यात आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात नदी तपासणारे अधिकारी आले होते. आमचं सांडपाणी जिथे पडतं, तिथे नदीत जिवंत काही उरलेलं नाही. म्हणून आदल्या दिवशी बाजारातून मासे आणून सोडायचे, ही इथली रीत. या खेपेला खरेदी साहेबांच्या मेहुण्याकडे होती. त्या दीडशहाण्याने काचेच्या पेटीत पाळतात ते केशरी मासे आणले. वर म्हणतो कसा, "लांबून उठून दिसतील!"

मला वाटलं, आता पितळ उघडं पडणार. कसलं काय! अधिकारी नाकाला रुमाल लावून काठावरच उभे राहिले आणि लिहून गेले, "माशांची नवी जात आढळली. प्रगती समाधानकारक." असल्या दिवट्यांच्या सहीवर नद्या जगायच्या!

तिसऱ्या दिवशी सगळे मासे पोट वर करून तरंगले. प्रयोगशाळेची म्हणून मीच ते मोजले, आणि कुठेही लिहिले नाहीत. मीही त्यांच्याच माळेतली झाले बघ.

बाबांचा खोकला कमी आहे का? गाय व्याली का?

आणि तू लिहिलंस, आपल्या ओढ्यात हल्ली केशरी मासे दिसतात, बघत बसावंसं वाटतं. आई, ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणी कारखाना काढलाय का? ते पाणी आजपासून भरू नकोस. गाईलाही पाजू नकोस.

तुझी,
थोरली