सीटखालची जळकी वायर

चिमणे,

मोटारसायकलला हात लावू नकोस. बॅटरी सोडवून ठेवली आहे, किल्ली माझ्याजवळ आहे. आज कामावर बसने जा.

सकाळी गाडी पुसताना जळका वास आला म्हणून सीट उचलली. तुझा मोबाइल चार्ज व्हावा म्हणून मी रविवारी हँडलला जे सॉकेट बसवलं, त्याची वायर वितळून काळीठिक्कर पडली आहे. पेट्रोलची नळी तिथून जेमतेम दोन बोटांवर.

तू विचारलं होतंस, "बाबा, फ्यूज लावला ना?" मी छातीठोकपणे "हो" म्हणालो. लावला नव्हता गं. कीर्तनाला पुढची जागा धरायची घाई होती. म्हटलं, आल्यावर लावू. बुवांनी असा काही रंग भरला की घरी आलो तो अभंग गुणगुणतच, फ्यूज खिशात तसाच. तीन दिवस तू त्या गाडीवर फिरलीस. देवाने राखलं म्हणून हात जोडायला गेलो, पण मान वर होईना.

तू झोपली होतीस. उठवून तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

मेकॅनिकला आणायला जातोय. काम झालं की सीट उचलून तू स्वतः बघ, मगच बस. मी "हो" म्हटलं तरी बघ.

बाबा