हिरवळीपलीकडचं घर

४, लार्क वॉक, हार्लो
२ मार्च १९६९

लाडक्या क्वीनीस,

तुझं पत्र मिळालं. तिकडे ॲडलेडला तुम्ही उन्हाने भाजून निघताय आणि इथे अजून नळ गोठतायत. सकाळी उठलं की आधी नळावर गरम पाणी ओतायचं, मग चहाचं बघायचं. माझे गुडघे ठीक आहेत. समोरच्या हिरवळीवर नगरमंडळाने चेरीची झाडं लावली होती, ती पोरांनी मोडली. एवढ्यात खुशाली संपली बघ.

विल्फचं सगळं नीट पार पडलं. चर्च भरलं होतं. खांदा द्यायला कारखान्यातली माणसं आली होती, मुकादम स्वतः आला होता. फुलं पुष्कळ आली. हॅमचे सँडविच उरले, ते शेजारच्या मिसेस टिपेटने नेले. तिने कधी काही वाया जाऊ दिलं नाही, बातमीसुद्धा.

तू लिहिलंस, ‘शेवटी तो आपल्या घरात गेला, तुझा हात हातात असेल, एवढंच समाधान मान.’ ते वाचलं आणि पत्राची घडी घालून पावाच्या डब्यामागे ठेवून दिली. आज काढलंय. तूच म्हणतेस ना, सगळं सविस्तर लिही. मग वाच.

तो आपल्या घरात गेला नाही. तो समोर गेला, अकरा नंबरमध्ये. पेगी लोमॅक्सच्या घरात, तिच्या पलंगावर. गेली दोन वर्षं तो तिथेच राहत होता.

मी तुला दर पत्रात ‘विल्फने आठवण सांगितली आहे’ असं लिहीत आले. कळवलं असतं तर तू तिथल्या सगळ्या चर्चमध्ये सांगून आली असतीस. रागावू नकोस, तुझा स्वभाव तुला माहीत आहे.

पेगी तुला आठवत असेल. तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर चढायच्या आधी इथे आला होतात, तेव्हा जिने आपल्याला घरी केलेला जॅम दिला होता तीच. हे नवं गाव वसत होतं तेव्हा आम्ही दोघी एकाच आठवड्यात इथे राहायला आलो. रस्ते नव्हते, दुकान नव्हतं, सगळा चिखल. फळ्या टाकलेल्या होत्या, त्यांच्यावरून मुलांच्या गाड्या ढकलत जायचो. माझी गाडी रुतली की ती ओढायची, तिची रुतली की मी. तिचा नवरा लेस उत्तरेकडे कामाला गेला आणि तिकडचाच झाला. त्यानंतर तिच्याकडे पाणी तुंबलं की विल्फ जायचा, फ्यूज उडाला की विल्फ जायचा. जाऊन ये म्हणून मीच सांगायची. पुढे तिचे फ्यूज फारच उडायला लागले.

एका रविवारी जेवण झालं. मी भांडी घासत होते. तो खाली आला तो दाढीचं सामान आणि सपाता पिशवीत घालून. म्हणाला, “हेटी, मी पेगीकडे राहायला जातोय.” जशी टपालात पत्र टाकायला जातोय असं सांगावं ना, तसं. मी म्हटलं, “चहाला येणार का?” माझ्या तोंडून हेच निघालं बघ. तो म्हणाला, “नाही.” आणि भर दुपारी हिरवळीवरून सरळ चालत गेला.

आमच्याकडची घरं कशी आहेत ते तू पाहिलंयस. समोर रस्ता नाही, मोटारी सगळ्या मागे. मध्ये हिरवळ, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी आणि प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी हिरवळीकडे. कुण्या शहाण्याने नकाशा काढताना ठरवलं होतं की आईला काम करता करता मुलं दिसली पाहिजेत, शेजारणींना एकमेकी दिसल्या पाहिजेत. दिसलं. दोन्ही ओळींना माझा नवरा पिशवी घेऊन जाताना दिसला. आणि पुढे रोज संध्याकाळी कामावरून आलेला विल्फ तिच्या पायपुसण्यावर बूट झाडताना मला दिसला. माझ्या पायपुसण्यावर झाड म्हणून मी अर्धा जन्म ओरडले होते.

कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? आम्ही सगळे एका वयाचे, एकदमच इथे आलेलो. आया, सासवा सगळ्या लंडनला राहिल्या. त्यांच्यासाठी इथे घरंच बांधली नव्हती. आपली आई इथे असती तर त्याचा कान धरून परत घेऊन आली असती. इथे एक म्हातारं माणूस नव्हतं की, “विल्फ, घरी जा,” असं म्हणेल.

घरं सगळी नगरमंडळाची, म्हणून घर बदलून मागायला मी त्यांच्या कचेरीत गेले. तिथला कारकून आमच्या पोरीपेक्षा, गिलियनपेक्षा लहान असेल. “घराला ओल आहे का?” नाही. “माणसं वाढली का?” कमी झाली. “मग कारण काय लिहू?” मी म्हटलं, नवरा समोर राहतो. तो लाल झाला. “बाई, हे कारण आमच्याकडे चालत नाही.”

तर आता त्या सकाळचं. पेगी अनवाणी, रात्रीच्या कपड्यांत, दहिवरावरून धावत आली आणि माझं दार बडवायला लागली. दोन वर्षांत आमच्यात एक शब्द नव्हता. दार उघडलं तर म्हणते, “हेटी, फोन! तुझा फोन!” दोन्ही ओळींत फोन माझ्याकडेच ना. मी रुग्णवाहिकेला फोन केला. त्या लोकांना मागच्या गॅरेजांमधून अकरा नंबर सापडेना. कुणालाच सापडत नाही. मग मीच ॲप्रनवर धावले, त्यांना बोलावून आणलं आणि त्यांच्या मागोमाग आत शिरले.

क्वीनी, ते घर म्हणजे माझंच घर आहे, फक्त उलटं. माझा जिना डावीकडे, तिचा उजवीकडे. दिव्याचं बटण म्हणून मी हात लावला तर तिथे नुसती भिंत. वर तो होता. रुग्णवाहिकेच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. विचारलं, “मिसेस गॅरड कोण?” मी म्हटलं, “मी.” तेव्हा त्याने ते मला सांगितलं. पेगी दारात उभी होती. तिला कुणी काही सांगितलंच नाही. तिने ऐकलं.

अंत्यविधीवाले मिस्टर ड्रेपर माझ्याकडे आले, कारण सही माझी लागणार. त्यांनी दबकत विचारलं, “कुठल्या घरून न्यायचं?” मी म्हटलं, “त्याच्या घरून. चार नंबरमधून.”

दुसऱ्या दिवशी पेगी आली. काळे कपडे घातले होते. मी तिला उंबऱ्यातच ठेवलं.

“त्याचा निळा सूट तुझ्याकडे आहे,” ती म्हणाली.

“आहे. तोच त्याला घालणार.”

“तो त्याला होणार नाही, हेटी.”

“का नाही होणार? त्याचाच सूट आहे.”

“आता नाही होणार.” रडत होती ती, तरी आवाज साधा होता. “मी त्याला तपकिरी कोट घेतला होता. त्यात त्याला सैल वाटायचं. तो घाल.”

“गाडीत तुला जागा नाही, पेगी,” मी म्हटलं, “आणि चर्चमध्ये मागे बसायचं.” आणि दार लावलं. ती घटकाभर पायरीवर उभीच होती. काचेतून दिसत होतं.

अंत्यविधीच्या आदल्या दुपारी त्याला हिरवळीवरून माझ्याकडे आणलं. दोन्ही ओळींनी पडदे ओढून घेतले होते आणि प्रत्येक पडद्याला फट होती. फक्त अकरा नंबरचा पडदा पूर्ण उघडा होता. पेगी खिडकीत उभी होती. मला वाटलं होतं, आता माझ्या जिवाला थंड वाटेल.

मिस्टर ड्रेपरनी सूट परत माझ्याकडे आणून दाखवला. म्हणाले, “मिसेस गॅरड, बटणं लागत नाहीत. परवानगी असेल तर पाठीतून कापावा लागेल. समोरून काही दिसणार नाही.” मी कापा म्हटलं. मग एकटी त्याच्याजवळ बसले. गाल भरले होते त्याचे. माझ्याकडे असताना हनुवटी कशी टोकदार होती, तुला माहीत आहे. तू त्याला सुरी म्हणायचीस. माझ्याकडे तो ताटातलं निम्मं टाकायचा आणि मला वाटायचं, त्याचं पोटच नाजूक आहे. नाजूक नव्हतं. तो तिथे पोटभर जेवत होता, क्वीनी. तो सुखात होता. बाकी सगळं मी गिळलं असतं.

दुसऱ्या दिवशी काळी गाडी मागे गॅरेजांपाशी थांबली होती. मी बसले, गिलियनला हात केला. ती गाडीपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, “आई, मी पेगीबरोबर चालत येते.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक दोन वर्षं म्हणतायत. बाबा तिच्याकडे होते, मी दर गुरुवारी तिथे जेवायला जात होते. तुला माहीत होतं. खिडकीतून बघायचीस तू.” मग हळू आवाजात म्हणाली, “तू त्यांना परत आणलंस. आता झालं ना मनासारखं?”

गाडीत माझ्या शेजारी मिसेस टिपेट बसली. गिलियन आता तिच्या मैत्रिणीकडे राहते. रविवारी येते, कोट काढत नाही.

तू मला तिकडे बोलावलंस. जागा आहे, ऊन आहे, नातवंडं आहेत, सगळं खरं. पण मी येणार नाही. मी गेले तर पेगी इथे एकटी त्याची बायको होऊन राहील. सकाळी मी माझा कप धुते, ती तिचा धुते. मध्ये हिरवळ. पडदा ती ओढत नाही, मीही ओढत नाही. कधी कधी वाटतं, तो कसा जेवायचा, काय बोलायचा, हे विचारण्यासारखं मला जगात एकच माणूस उरलंय, आणि ते समोर आहे. पण मी विचारणार नाही. मरेन, पण विचारणार नाही.

तुझ्या बॉबला आणि मुलांना माझी आठवण सांग. आणि हे बघ, पुढचं पत्र टाकशील तेव्हा पाकिटावर नुसतं ‘हेटी’ लिहू नकोस. मिसेस विल्फ्रेड गॅरड असं लिही, ठळक अक्षरात. टपालवाला अकरा नंबरवरूनच पुढे येतो.

तुझी बहीण,
मिसेस विल्फ्रेड गॅरड