दर दुसऱ्या शनिवारची सुकती

शनि. १ फेब्रु.
प्रॅक्टिकल चुकलं. पेडण्याच्या कॉलेजात साडेआठला पोचायचं तर तेरेखोलहून सातचीच फेरीबोट धरावी लागते, आणि सातला नदीत पाणीच नव्हतं, पुरी ओहोटी. सुकती. मधला वाळूचा पट्टा वर आलेला, बोट काठाला टेकून बसलेली. बोटीवरचे बाबलोकाका निवांत चहा पीत होते. "आता धा वाजतले गो," म्हणाले.
आरोंद्याच्या पुलावरून वळसा घालायला घरात गाडी नाही. बाबा आठवडाभर पाळी गावात, खाणीच्या ट्रकवर. नऊपर्यंत काठावर उभी राहिले, मग घरी.
आई : "एक दिस चुकलो तर काय जाता?"
तिला काय सांगू.

सोम. ३ फेब्रु.
एम.आय.एस. (माहिती व्यवस्था) मायनरच्या, म्हणजे दुय्यम विषयाच्या, अटी बोर्डावरून परत उतरवून घेतल्या. ठरलेले पेपर पास, एका खऱ्या संस्थेवर प्रकल्प, आणि शनिवारची बारा प्रॅ. त्यांत पाऊणपट, म्हणजे नऊ हजेऱ्या. जानेवारीत दोन झाली, दोन्हींना हजर होते. नऊ नसतील तर प्रकल्प उघडूनही बघणार नाहीत. मेजर कॉमर्सला सुद्धा एवढं सोवळं नाही.
पण सोडता येत नाही. बाबांच्या खाणीवर काट्याच्या ऑफिसात, ट्रकांची वजनं होतात तिथे, संगणकावर एक जागा निघणार आहे. तिथले साहेब बाबांना म्हणाले, मार्कलिस्टवर हा मायनर असला तर मुलीला पाठव. बाबा हे दर रविवारी नव्याने सांगतात.

शनि. ८ फेब्रु.
हजर. तिघींत एक संगणक, तोही मधेच झोपणारा. नाईक सर शिकवत होते : माहिती म्हणजे योग्य वेळी, योग्य माणसाकडे, निर्णय घ्यायला उपयोगी पडेल ती. वहीत लिहिलं. तीनदा अधोरेखित केलं, कंटाळ्याने.

शनि. १५ फेब्रु.
पुन्हा सुकती. दोन गेल्या.
काकांकडून दाखला घेतला, वहीच्या पानावर : "सुकती आसली. बोट सुटूक नाय." खाली सही.

सोम. १७ फेब्रु.
कॉलेजच्या ऑफिसातल्या गावस मॅडमनी पान उलटंपालटं केलं. "हेका शिक्को खंय आसा?"
समुद्राला शिक्का नसतो हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

गुरु. २० फेब्रु.
काकांवर चिडले. तुम्हाला आदल्या दिवशी कळत नाही का, बोट कधी अडणार ते?
"कळता मगो. तू कधी इचारलंस?"
मग त्यांनी शिकवलं. कालनिर्णयातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. तितक्या वाजता पुरी भरती. तिथून सहा तासांनी सुकती. द्वितीया असेल तर दीडला भरती, साडेसातला सुकती. "पंधरवडो बदललो की परत एकापासून. अमावास्या-पुनवेच्या आसपास पाणी जास्त खाली जाता, तेव्हा बोट अडता." त्यांच्या वडिलांनी होडीवर शिकवलेलं. बोटीवरच्या सगळ्यांना येतं. मी इथे जन्मले आणि मला माहीत नव्हतं. लाज वाटली, राग त्याहून जास्त आला.

मंगळ. २५ फेब्रु.
पूर्ण सेमिस्टरचा तक्ता केला. तारीख, तिथी, भरती, सुकती, सातची बोट सुटेल की नाही. आठवड्याला सात तिथ्या सरकतात, म्हणून दर दुसऱ्या शनिवारी त्याच त्या सकाळच्या सुकतीत सापडते मी. १ फेब्रु. बरोबर. १५ फेब्रु. बरोबर. पुढे १ मार्च, १५ मार्च. २९ ला सुकती पहाटेच, तेव्हा सुटेन.
म्हणजे चार गैरहजेऱ्या. चालतात तीन.
हाच प्रकल्प करणार. संस्था : फेरीबोट.

गुरु. २७ फेब्रु.
नाईक सर तक्ता बघून खूष. "वर्षभर मी हेच तर शिकवतोय," म्हणाले. वर्गात फिरवला. मी लगेच अर्ज दिला : फक्त १ आणि १५ मार्चचं प्रॅ. साडेदहाला घ्यावं. सर म्हणाले, शिफारस करतो, पण सही वरची लागते.
बरं वाटलं. उगाच.

शनि. १ मार्च
अर्जाचं उत्तर नाही. बोट वाळूत. तक्ता अगदी बरोबर निघाला, त्याचं करायचं काय. तीन गेल्या.

मंगळ. ४ मार्च
उत्तर आलं. वेळ बदलता येत नाही. गैरहजेरी माफ करायची तर कारण अनपेक्षित पाहिजे. गावस मॅडमनी माझाच तक्ता माझ्यापुढे ठेवला, १ मार्चवर बोट टेकवून.
"तुका आदींच खबर आसलें. मागीर आदल्या दिसा येवंक किद्याक ना?"
ठाऊक होतं तर आदल्या दिवशीच यायचं, म्हणे. हात दाखवून अवलक्षण. तक्ता केला नसता तर मी बिचारी झाले असते, आता निष्काळजी झाले. जिन्यात रडले. वर्गातली शुभदा पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली. शेवटी म्हणाली, "चौदाला आमच्याकडे राहा. कॉलेजामागेच तर घर."

शुक्र. १४ मार्च
धुळवड. दुपारच्या बोटीने निघाले, केसांत रंग तसाच. शुभदाच्या आईने वेगळी चादर काढली. परक्या घरी बरं वाटत नाही, पण उद्या साडेआठला मी कॉलेजात असेन. सुकतीने खुशाल यावं.

शनि. १५ मार्च
सव्वाआठला हजर. लॅबला कुलूप. नाईक सर आले नाहीत, घरी पाहुणे. शिपायाने सांगितलं, "आज प्रॅक्टिकल नाय."
मला हसू आलं, मग हसू थांबेना. शुभदा घाबरली.

सोम. १७ मार्च
ऑफिसचं गणित : झालं नाही ते प्रॅ. धरायचं नाही. म्हणजे एकूण बारा नाहीत, अकरा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. मी सगळे उरलेले शनिवार आले तरी आठ.
मी म्हटलं, मॅडम, पाव हजेरीसाठी?
"सव्वाआठ म्हणजे नव." त्यांनी मान वर केली नाही.
काकांची पाऊणपट बोट अडवते, यांची पाऊणपट मला. फरक एवढाच की काकांचं पाणी परत येतं.
बाबांना अजून सांगितलेलं नाही. काल त्यांनी काट्याच्या ऑफिसातली खुर्ची कुठे असते तेही सांगितलं. खिडकीपाशी.

बुध. १९ मार्च
सरांचा फोन. आवाज पडलेला. "चूक माझी. बुडालेलं एक प्रॅक्टिकल ज्यादा घेतो, मग बारा होतील. तारीख तू सांग. तक्ता बघून."
आधी विश्वास बसेना. तक्ता बघायची गरजही नव्हती, पाठ आहे. २७, गुरुवार, त्रयोदशी. सातला पाणीच पाणी.
सरांनी "बरं" म्हटलं आणि मला इतका राग आला. हे फेब्रुवारीत झालं असतं तर.

शनि. २२ मार्च
हजर. सहा झाल्या.

गुरु. २७ मार्च
ज्यादा प्रॅ. झालं. सात. उरली दोन, २९ आणि ५ एप्रिल. दोन्ही पाहिजेत. ५ ला अष्टमी, काळजी नाही. २९ ला अमावास्या.

शुक्र. २८ मार्च
शुभदाकडची माणसं पाडव्याला तिच्या आजोळी गेली, घर बंद. सरांना वेळ बदला म्हणणार नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तक्ता माझ्यापुढे.
तक्त्याप्रमाणे सुकती सव्वापाचला, म्हणजे सातला पाणी चढत असणार. दुपारी जेट्टीवर जाऊन काकांना विचारलं, बोट सुटेल ना?
"सुटात. नायतर साडेसातांक."
साडेसातला सुटली तर माझा उपयोग नाही, काका.
त्यांनी जेट्टीच्या कडेच्या पायऱ्या दाखवल्या. खालून चौथी बुडली की बोट वाळूवरून जाते. "तक्तो तुझो बरो आसा गो. पण वारो पडलो तर पाणी उशिरा येता. तां फाल्यां सातांक कळतला."
उद्या सातलाच कळणार तर. आईला म्हटलं, सहाला उठव. बाबा उद्या संध्याकाळी येणार, येताना काट्याच्या साहेबांना भेटून.
घरी परत येताना एकदा मागे वळून बघितलं. चौथी पायरी कोरडी होती. वारा नव्हता.